शिकायचं कधी, नाईट ऑफला?

परिचारिकेने एकदा नोंदणी केली की ती जन्मभर चालायची, तो काळ मागे पडला. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्या पाच वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. आपल्याकडच्या सिस्टरांच्या बोलण्यात त्याला सरळ ‘पॉइंट’ म्हणतात. ‘तुझे पॉइंट झाले का?’ हा प्रश्न रिन्यूअलच्या वर्षात ड्युटी रूममध्ये रोज ऐकू येतो.

दंडक योग्यच आहे. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता नर्सिंग स्कूलमध्ये पाठ्यनिर्देशिका आहे, आणि शिकलेलं किती लवकर शिळं होतं हे मला दर बॅचला नव्याने जाणवतं. २०१० पूर्वी शिकलेल्यांना हृदय बंद पडलेल्या रुग्णाचा आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा, असा क्रम पाठ होता. त्या वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्रम बदलला आणि छाती दाबणं पहिलं आलं. ज्या सिस्टरपर्यंत हा बदल पोहोचला नाही, तिच्या हातून सुरुवातीचे मोलाचे क्षण निघून जातात. त्यामुळे पॉइंटच नकोत असं कुणी म्हणत असेल तर मी त्या बाजूला नाही.

माझा वाद वेगळा आहे. हे १५० तास कुणाच्या वेळेतून काढायचे, यावर कुणी काही बोलत नाही. कुणी बोलत नाही म्हणून ते आपसूक परिचारिकेच्या झोपेतून, तिच्या साप्ताहिक सुट्टीतून, तिच्या मुलांच्या वाट्याच्या वेळेतून निघतात. कायम नोकरीतल्या सिस्टरला निदान एक मेट्रन असते, आस्थापना शाखा असते, ‘या महिन्यात मला प्रशिक्षणाला पाठवा’ म्हणून अर्ज टाकायला जागा असते. जी परिचारिका एका ठिकाणी टिकतच नाही तिला यातलं काहीही नसतं. तिच्या शिक्षणाचा वेळ ड्युटीत धरला जावा, आणि त्या शिक्षणाची नोंद रुग्णालयाच्या कपाटात न अडकता तिच्याबरोबर फिरावी, अशी माझी मागणी आहे. नोकरी आणि शिक्षण यांचा मेळ घालणं ही तिची एकटीची जबाबदारी, असं आपण आजवर मानत आलो. ते मला मान्य नाही.

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ हा राजरोस पेशा आहे. एजन्सीमार्फत साधारण १३ आठवड्यांचा करार करायचा, राहण्याचा भत्ता घ्यायचा, तो संपला की दुसरं शहर, दुसरं रुग्णालय. आपल्याकडे अशी पाटी लावून कुणी बसत नाही, पण अशा परिचारिका काही थोड्याथोडक्या नाहीत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात ११ महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर काम करणारी, ठेकेदाराच्या यादीतून जिल्हा रुग्णालयात आलेली, ब्युरोमार्फत घरोघरी रुग्ण सांभाळणारी, या सगळ्या त्यातच आल्या. लातूर, नांदेड, यवतमाळकडून जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करून पुण्या-मुंबईत आलेल्या मुली दोन-तीन हजारांच्या फरकासाठी वर्षा-दीड वर्षात रुग्णालय बदलतात. मुंबईची मोठी रुग्णालयं कित्येक दशकं केरळहून आलेल्या सिस्टरांवर उभी आहेत, आणि त्यातल्या अनेकींसाठी मुंबई हा आखाताच्या किंवा ब्रिटनच्या वाटेवरचा थांबा असतो. कोविडच्या काळात तर तात्पुरत्या ऑर्डरवर माणसं भरली आणि लाट ओसरल्यावर घरी पाठवली. मे २०२२ मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिका बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीविरोधात संपावर गेल्या, तेव्हा नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. ठेक्यावरच्या परिचारिकेला पुढे शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र तेव्हाही मागे राहिला आणि आजही मागेच आहे.

आता अशा परिचारिकेची नव्या रुग्णालयातली पहिली नाईट कशी असते ते जरा जवळून पाहू. दुपारच्या सिस्टरने हँडओव्हर दिला, सात बेडचं आयसीयू, दोघीजणी ड्युटीवर. बेड नंबर चारला नॉरअॅड्रेनलिन, म्हणजे ब्लडप्रेशर धरून ठेवणारं औषध, चालू आहे, पंपावर आकडा दिसतो ताशी पाच मिलीलीटर. जुन्या ठिकाणी ५० मिलीलीटरच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध भरायची पद्धत होती. इथे ८ भरतात. म्हणजे पंपावरचा तोच आकडा इथे दुप्पट औषध देतो. सिरिंजवरचं लेबल वाचून, मनात गणित करून, मग पंपाला हात लावायचा, हे तिला त्या मिनिटाला सुचलं पाहिजे. रात्री अडीचला सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजतो, आणि जुन्या सवयीने तिने ४ मिलिग्रॅमचीच नवी सिरिंज भरून त्याच आकड्यावर लावली तर काही मिनिटांतच रुग्णाचं ब्लडप्रेशर कोसळतं. क्रॅश ट्रॉलीचा, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीचा, कप्पाही तसाच. जुन्या ठिकाणी अॅट्रोपिन वरच्या कप्प्यात होतं, इथे ते दुसऱ्यात आहे. पंपाची कंपनी वेगळी, इन्सुलिनचा तक्ता वेगळा. तिकडे नोंदी रजिस्टरमध्ये व्हायच्या, इकडे सॉफ्टवेअरमध्ये होतात आणि त्याचा पासवर्ड अजून मिळालेला नाही.

हे सगळं ती शिकते. दोन आठवड्यांत शिकते, कारण शिकल्यावाचून गत्यंतर नसतं. चार रुग्णालयं फिरलेल्या परिचारिकेने एकाच कामाच्या चार पद्धती पाहिलेल्या असतात, त्यातली कोणती सुरक्षित आणि कोणती धोक्याची हे तिला कळत असतं. माझ्या मते नर्सिंगमधलं हे फार वरच्या दर्जाचं शिक्षण आहे. एकाच वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या सिस्टरला ते मिळत नाही. पण याचा एकही तास कुठे लागत नाही. तिचे पॉइंट लागतात ते एखाद्या रविवारी, नाईट उतरून, आंघोळ करून, तसंच सभागृहात जाऊन बसल्यावर. व्याख्यातेही पुष्कळदा चांगले असतात, विषयही कामाचा असतो. पण बारा तासांची रात्र काढून आलेल्या बाईच्या डोक्यात त्यातलं किती उतरणार? तिला त्या वेळी झोप हवी असते, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने बघितलं तरी तिने झोपणंच बरं, कारण रात्री आठला ती पुन्हा त्याच पंपासमोर उभी राहणार आहे.

परिचारिकेच्या शिक्षणाचा रुग्णाशी काय संबंध, असं विचारणारे डॉक्टर आणि व्यवस्थापक मला भेटतात. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगते. २०१४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांची पाहणी मांडली. शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाख २० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. ज्या रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम असा थेट निकाल लागत नाही हे खरं. तरीही शिक्षण आणि कामाचा भार या दोन गोष्टी एकाच पारड्यात मोजाव्या लागतात, हे त्यातून स्पष्ट होतं. दमलेली पदवीधर आणि ताजीतवानी पण मागे पडलेली परिचारिका, दोन्ही रुग्णाच्या हिताच्या नाहीत.

भाराचं म्हणाल तर परिषदेचं प्रमाण आहे: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव. आपल्या जनरल वॉर्डात रात्री काय असतं ते नातेवाईक म्हणून जो कुणी थांबलाय त्याला ठाऊक आहे. या रजा राखीव पदांमध्येच शिक्षणाची सोय दडलेली आहे. सिस्टर आजारी पडेल, बाळंतपणाला जाईल, हे धरून जर माणसं जास्त ठेवायची, तर ती शिकायला जाईल हे का धरायचं नाही?

आणि हिशेब तरी केवढा आहे? पाच वर्षांत १५० तास म्हणजे वर्षाला ३०. आठ तासांच्या चार ड्युट्याही भरत नाहीत. एका युनिटला २० परिचारिका असतील तर वर्षाला ८० ड्युट्या. एकीच्या वर्षाकाठी २८० ड्युट्या धरल्या तर त्या युनिटच्या एकूण ५,६०० होतात. त्यातल्या ८० म्हणजे दीड टक्काही नाही. नवी मशीनं घेताना, रिसेप्शनला संगमरवर लावताना रुग्णालयं याच्या कितीतरी पट खर्च करतात. परवडत नाही हे कारण मला पटत नाही.

दुसरं कारण जास्त प्रामाणिक असतं: ‘आम्ही शिकवायचं आणि तिने दोन महिन्यांत दुसरीकडे जायचं?’ व्यवस्थापनाची ही तक्रार मी समजू शकते. पण तिच्यावर काढलेला उपाय वाईट आहे. नोकरी न सोडण्याचा बॉन्ड लिहून घ्यायचा, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची. मग पोस्ट बेसिकच्या, म्हणजे जीएनएमनंतरच्या पदवीच्या, प्रवेशाला मूळ कागद मागितले की ती मुलगी अडकते. प्रवेशाची तारीख टळते, वर्ष जातं. शिकलेली माणसं जाऊ नयेत म्हणून त्यांना शिकूच द्यायचं नाही, असं याचं रूप होऊन बसतं. खरं तर प्रत्येक रुग्णालयाला दुसऱ्याने शिकवलेली परिचारिका आयती मिळतच असते. आज तुमची गेली, उद्या दुसऱ्याची तुमच्याकडे आली. सगळ्यांनी वर्षाला चार दिवस दिले तर कुणाचंच नुकसान नाही. एकानेच दिले तर मात्र त्याला तोटा वाटणार, म्हणून ही गोष्ट एकेकाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही, तिला नियमच लागेल.

‘फिरती तिने स्वतः निवडली, पैसे जास्त मिळतात, मग तिने तिचं बघावं’ हेही ऐकू येतं. अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्सबद्दल हे काही अंशी म्हणता येईल, कारण तिथे करारातला पैसा खरोखरच जास्त असतो. कोविडच्या लाटांत तर तो कायम नोकरीच्या कितीतरी पट झाला होता. आपल्याकडची ठेक्यावरची परिचारिका मात्र कायम सिस्टरच्या शेजारी उभी राहून तेच काम करते आणि पगार तिच्यापेक्षा कमी घेते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २० हजार पगार असावा असं सुचवलं, आणि २०० खाटांच्या वर असलेल्या ठिकाणी सरकारी वेतनाइतका. ते कुठे किती पाळलं जातं हे लहान नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या कुणाही मुलीला विचारा. त्या पगारातून खोलीचं भाडं, गावी पाठवायचे पैसे आणि वर कोर्सची फी, असं गणित बसत नाही. तिने फिरती निवडली असं म्हणणं म्हणजे तिच्यापुढे दुसरा मार्ग होता असं धरून चालणं.

आता बाहेरच्या देशांकडे बघू, कारण तिथून घेण्यासारखं आहे आणि टाळण्यासारखंही. अमेरिकेत शिक्षणाच्या तासांचं प्रत्येक राज्याचं वेगळं गणित. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ३० तास, टेक्सासमध्ये २०. पूर्वी राज्य बदललं की नवं लायसन्स लागायचं. २००० सालापासून काही राज्यांनी आपसांत करार करून एकच लायसन्स अनेक राज्यांत चालेल अशी सोय केली. २०१८ मध्ये तो करार सुधारून पुन्हा लागू झाला आणि आता बहुसंख्य राज्यं त्यात आहेत, कॅलिफोर्निया मात्र बाहेर आहे. यातून फिरत्या परिचारिकेचा कागदांचा त्रास बराच हलका झाला. पण शिक्षणाचा खर्च आणि वेळ तिथेही मुख्यतः तिचाच. पदवीच्या फीला मदत देणारी रुग्णालयं ती सहसा कायम नोकरांनाच देतात, १३ आठवड्यांच्या पाहुणीला नाही. पदवी मिळवण्याचा दट्ट्या मात्र मागे असतोच. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, की नव्याने नोंदणी होणाऱ्या परिचारिकेने दहा वर्षांत पदवी घेतलीच पाहिजे. अट घालायची आणि वेळ द्यायचा नाही, ही तिथली चूक आपण उचलू नये.

ब्रिटनचं मला जास्त आवडतं. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने एप्रिल २०१६ पासून दर तीन वर्षांनी नोंदणीची पुनर्मान्यता लागू केली. ४५० तासांचं प्रत्यक्ष काम, ३५ तासांचं शिक्षण, त्यातले किमान २० तास इतरांबरोबर बसून. याखेरीज रुग्ण किंवा सहकाऱ्यांकडून आलेले पाच अभिप्राय, आणि आपल्या कामातल्या प्रसंगांवर स्वतः विचार करून लिहिलेली पाच टिपणं. त्या टिपणांवर दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी चर्चाही करावी लागते. एजन्सीवर काम करणारीलाही हेच लागू, आणि तिची फाईल तिची स्वतःची असते, रुग्णालयाची नसते. तिथेही कंटाळून भरलेले कागद असतील, तसे ते सगळीकडेच असतात. पण कल्पना नेमकी आहे. वर सांगितलेली नॉरअॅड्रेनलिनची रात्र तिथे टिपणात येऊ शकते: दोन रुग्णालयांत सिरिंजमधल्या औषधाची तीव्रता वेगळी होती, मी काय तपासलं, काय बदललं, पुढच्या मुलीला काय सांगितलं. म्हणजे फिरतीतून मिळालेलं शहाणपण मोजलं जातं. आपल्या परिषदेने १५० तासांपैकी पाव हिस्सा जरी अशा टिपणांना दिला तरी फिरत्या परिचारिकेचं अर्धं ओझं उतरेल आणि शिक्षणाचा दर्जाही वाढेल. मी माझ्या विद्यार्थिनींना आत्ताच सांगते, रुग्णाचं नाव न लिहिता अशी एक वही ठेवा. आज तिला कुठे मान नाही, पण नव्या ठिकाणी पहिल्या नाईटला ती उपयोगी पडते.

मोबाइलवर सगळं शिकता येतं, मग अडचण कसली, असा आणखी एक सूर असतो. ऑनलाइन शिक्षणाने खूप दारं उघडली हे मी नाकारत नाही. गडचिरोलीच्या उपकेंद्रात बसलेल्या मुलीला मुंबईतल्या तज्ज्ञाचं व्याख्यान ऐकता येतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण मोबाइल जागेची अडचण सोडवतो, वेळेची नाही. लोकलमध्ये उभं राहून व्हिडिओ चालू ठेवायचा आणि शेवटी पाच प्रश्नांची उत्तरं टिकमार्क करायची, त्याने प्रमाणपत्र मिळतं, हात तयार होत नाहीत. नवजात बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं सरावाच्या पुतळ्यावर हात बसल्याशिवाय येत नाही. ते चार दिवस ड्युटीतले असतील तरच ती पुतळ्यासमोर उभी राहू शकेल.

पदवीचा प्रश्न याहून अवघड आहे. जीएनएम झालेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं तर दोन वर्षं पूर्णवेळ कॉलेज. सरकारी सेवेतल्या काही जणींना त्यासाठी डेप्युटेशन, म्हणजे नोकरी राखून शिकायला जाण्याची मुभा, मिळतं, बाकीच्यांना नोकरी सोडावी लागते. इग्नू या मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या परिचारिकांसाठी तीन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम काढला, त्याने एका पिढीला हात दिला, आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण त्यातही प्रात्यक्षिकाला ठरलेल्या केंद्रावर हजेरी लागतेच, आणि ती लागायलाही हवी. केंद्र नागपूरला आणि ऑर्डर पालघरची, असं झालं की संपलं.

इथे मी मुलींना जे सांगते ते सगळ्यांना रुचत नाही. फिरतीच्या वर्षांत पदवीच्या मागे लागू नका. त्या वर्षांत ज्या वॉर्डात आहात त्या वॉर्डाचं काम खोलात शिका: डायलिसिस, जखमांची निगा, नवजात अतिदक्षता. कुठेतरी वर्षभर थांबणं जमलं तर परिषदेने मान्य केलेले एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमे आहेत. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कर्करुग्णांच्या परिचर्येचा असा डिप्लोमा होतो. पदवीसाठी दोन वर्षं स्थिर होण्याची सोय आधी लावा, मग प्रवेश घ्या. अर्धवट सुटलेले प्रवेश मी फार पाहिले आहेत. फी जाते, शिवाय ‘आपल्याला जमत नाही’ अशी खंत त्या मुलीच्या मनात कायमची राहते. आणि दोष तिचा नसतो.

पण हा सल्ला आजच्या व्यवस्थेत जगण्यापुरता आहे. व्यवस्थाच बदलायची तर पदवीचे तुकडे करून ते जोडत नेण्याची मुभा हवी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांक, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांची क्रेडिट्स, साठवण्याची बँक आली, तिच्यामागचा विचार हाच आहे: एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे चालावेत. नर्सिंगला याची जितकी गरज आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शाखेला असेल. पालघरच्या ११ महिन्यांत एक प्रात्यक्षिक विषय तिथल्या जिल्हा रुग्णालयात पुरा करावा, पुढचा सोलापुरात. दर्जा घसरेल ही भीती खोटी नाही, म्हणून कोणती रुग्णालयं प्रशिक्षणाला योग्य हे काटेकोरपणे ठरवावं लागेल. ते काम परिषदेचंच आहे.

राहण्याचीही गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच चर्चेत येत नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचं काम सुरू केलं, तेव्हा ससूनमध्ये परिचर्या शिकणाऱ्या बायकांसाठी त्यांनी वसतिगृहाकडेही लक्ष दिलं. घराबाहेर पडून शिकणाऱ्या बाईला आधी सुरक्षित छप्पर लागतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आज शंभरावर वर्षांनी ठेक्यावरची परिचारिका रुग्णालयाजवळच्या एका खोलीत चौघींबरोबर राहते. त्यातल्या दोघी नाईटला, दोघी डेला, म्हणजे चोवीस तास कुणीतरी झोपलेलं आणि दिवा लावायची सोय नाही. अभ्यास कुठे करायचा? रुग्णालयाच्या आवारात टेबल-खुर्ची आणि दिवा असलेली एक खोली उघडी ठेवायला किती खर्च येतो?

सरकारने मनावर घेतलं तर काय होतं याचं ताजं उदाहरण समोर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे, त्यात परिचारिकाही आल्या, आणि त्यांच्या जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आपल्या सरकारने उचलली. माझ्या मुली तिकडे जाव्यात, चांगलं कमवावं, याचा मला आनंदच आहे. पण जर्मनीतल्या रुग्णासाठी परिचारिकेला तयार करण्याचा खर्च जे राज्य करू शकतं, ते बीडच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णासाठी तिला वर्षाला चार दिवस देऊ शकत नाही, हे मला कुणी समजावून सांगावं.

नोंदीचा प्रश्न तर निम्मा सुटलेलाच आहे. परिषदेच्या नोंदणी-मागोवा प्रणालीत परिचारिकेला देशभर एकच ओळख क्रमांक मिळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला, त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. तरी आजही महाराष्ट्रातली सिस्टर कर्नाटकात गेली की ना-हरकत प्रमाणपत्र, पडताळणी, पुन्हा नोंदणी, आणि हे होईपर्यंत हाताला नियमित काम नाही. पॉइंटचे कागद प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घेऊन ती या दारातून त्या दारात जाते. तोच ओळख क्रमांक टाकला की तिचे तास, तिचे डिप्लोमे, तिची टिपणं कुठल्याही राज्यात दिसावीत. तंत्राच्या दृष्टीने यात अवघड काही नाही. बँका हे रोज करतात.

आणि कायद्याची वाट न बघता करता येण्यासारखं एक काम आहे. मनुष्यबळ पुरवठ्याच्या प्रत्येक सरकारी निविदेत गणवेश, ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी यांची कलमं असतात. त्यात एक कलम वाढवावं: प्रत्येक परिचारिकेला वर्षाला ३० तास भरपगारी शिक्षण, त्या दिवसाची बदली ठेकेदाराने द्यायची, आणि तासांची नोंद तिच्या क्रमांकावर झाल्याशिवाय त्या महिन्याचं बिल मंजूर करायचं नाही. जिल्हा शल्यचिकित्सक हे सुचवू शकतात, महापालिकांची आरोग्य खाती हे करू शकतात. परिचारिकांच्या संघटनांनाही माझं सांगणं आहे: कायमपदांची मागणी लावून धराच, पण मागण्यांच्या यादीत हे कलमही घाला. ठेक्यावरची मुलगी तुमची सभासद नसली तरी आज रात्री तुमच्याच वॉर्डात, तुमच्या शेजारच्या बेडवर तीच पंप लावणार आहे.